चिमीला घरी पोचवताना

बकुळा डहाणूच्या अनाथाश्रमात स्वयंपाकाला लागली ती भावजयीचे टोमणे चुकवायला. नवरा लग्नानंतर फार जगला नाही. भावाची वाडी होती, खाचरं होती, पण विधवा बहिणीच्या ताटातला भात त्या घरात सगळ्यांना दिसायचा. त्यापेक्षा परक्या पोरांना शिजवून घालणं बरं, असं म्हणून ती निघाली.

आश्रमातली पोरं बहुतेक पाड्यांवरची. ती त्यांच्या डोक्यातल्या उवा काढी, ताप आला की उशाशी बसे. ही पोरं अनाथ आहेत यावर तिचा पुरता विश्वास होता. तो उडाला सत्तावन्न सालच्या माघात.

त्या दिवशी एक लंगडा माणूस सकाळपासून कुंपणाबाहेर बसला होता. पहारेकऱ्याने हाकललं तरी तो फिरून तिथेच येई. दुपारी बकुळा खरकटं टाकायला गेली आणि तिने विचारलं, "कोण रे तू?"

"जिव्या. उधव्याचा. माजी दोन पोरं आत हायत, बाय. चिमी आन् शुक्रा."

जंगलतोडीच्या कामावर झाड पायावर पडलं आणि तो काही वर्षं परमुलखात खितपत राहिला. मागे बायको तापाने गेली. बाप मेला असंच समजून पाटलाने पोरं आश्रमात आणून सोडली. आता कुठे तो चालायला लागला होता.

चिमी आत तांदूळ निवडत होती. शुक्रा श्रावणातच गोवराने गेला होता.

"पाटलाला घेऊन ये," ती म्हणाली. "त्याने ओळख दिली की देतील."

"दोघांना?"

"पाटलाला आण आधी."

जिव्या काठी टेकत, जवळजवळ पळतच गेला.

आश्रमाचा कारभार पाहणाऱ्या तात्यांना तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाप जिवंत आहे हे कुणाला ठाऊक होतं? येईल तेव्हा मी सांगेन. तू मध्ये पडू नकोस."

"दोन पोरं न्यायला येईल तो, तात्या. चारचौघांत ऐकेल. त्यापेक्षा मीच जाते."

दुसऱ्या दिवशी ती तलासरीपर्यंत एसटीने गेली आणि पुढे विचारत विचारत चालत उधव्याला पोचली. जिव्याची आई जमना अंगण सारवत होती. खोपीत एका बाजूला दोन पोरांना निजायला नवा पेंढा अंथरलेला होता. तो पाहून बकुळाला वाटलं, आल्या पावली मागे फिरावं. पण जिव्या समोर आला होता.

"जिव्या, शुक्रा नाही रे. श्रावणात गोवर निघाला. गेला तो."

म्हातारीने शेणाचे हात तसेच कपाळावर मारून घेतले. जिव्या उभाच होता.

"काल तुला ठावं होता?"

"होतं."

"मंग?"

"तोंड उघडलं नाही माझं."

त्याने विचारलं, "त्याला उचलला कोनी?"

"मी. माणूस बोलावला होता, पण मी त्याच्या हाती दिला नाही. मीच नेला. समुद्राकडे, सुरूच्या झाडांखाली पुरला."

"डोका कंच्या बाजूला केलास?"

बकुळाने आठवून पाहिलं. पाऊस होता, खड्ड्यात पाणी भरत होतं, एवढंच आठवलं. "नाही सांगता येत," ती म्हणाली.

जिव्या थुंकला आणि खोपीमागे निघून गेला. उन्हं कलेपर्यंत बकुळा अंगणात बसून राहिली. शेवटी जमनाच पाणी घेऊन आली. म्हणाली, "जा बाय. तुजी गाडी चुकंल."

पुढे जिव्या पाटलाला घेऊन आश्रमात आला तेव्हा चिमीने बकुळाचा पदर गच्च धरला. "मावशी, हा कोण?" बाप बोलत होता ते तिला उमगत नव्हतं, घरची बोली ती विसरली होती. जिव्याने आधी सुरूची झाडं बघायला मागितली. तिथली वाळू सपाट झाली होती. बकुळाने एका जागी बोट दाखवलं, पण तिची तिलाच खात्री नव्हती. त्याने कनवटीचे तांदूळ तिथे टाकले, चिमीला खांद्यावर घेतलं आणि लंगडत निघाला. पोर आकांत करत होती. बकुळा मागे गेली नाही.

चैत्रात विवळवेढ्याच्या जत्रेत चिमी दिसली. वाळलेली, केस पिंजारलेले, आजीशी तिच्या बोलीत भांडत होती. बकुळाने हाक मारली तशी आजीच्या मागे लपली. आपण बरं केलं की वाईट, हे बकुळाला त्या दिवशीही कळलं नाही.

पण तेव्हापासून नवं पोर आलं की ती विचारी, कुठल्या पाड्यावरचं, मागे कोण आहे. सुट्टीच्या दिवशी कासा, उधवा अशी गावं पालथी घाली. आधी एकटी जाई, जे असेल ते सगळं सांगे, मगच पोराला नेई. काहींना घर मिळालं. काही घरांनी दारातूनच नाही म्हटलं, आणि त्या पोरांना तिने कधी कळू दिलं नाही.

बाळ्या नावाच्या पोराचं मात्र तसं झालं नाही. त्याचा चुलता आधी हो म्हणाला, आणि पोर दारात उभं राहिल्यावर फिरला. "खायला कोन घालंल?" म्हणाला आणि कुडाचं दार ओढून घेतलं.

येताना डहाणू येईतो बाळ्या मागे न बघता तिच्या पुढे चालत होता.