कूसीयोकीचं पान

कूसीयोकी गावच्या वाचनालयात इर्मेली कार्पिनेन अठ्ठावीस वर्षं एकटीच कामाला होती. गावातली माणसं तोंडाला कुलूप लावून यायची. पुस्तक ठेवायचं, दुसरं उचलायचं, मान हलवायची आणि बर्फात निघून जायचं. कोणाला काय आवडलं, काय हवं होतं, हे तिला कधी कळलंच नाही. शाळा बंद पडल्यावर तर येणारेही रोडावले.

तालुक्याच्या गावी एक प्रशिक्षण झालं, तिथे ती फेसबुकवर पान काढायला शिकली. नव्या पुस्तकांचे फोटो टाकून तिने विचारलं, ‘कसं वाटलं?’ अकरा दिवस कोणी हूं की चूं केलं नाही. बाराव्या दिवशी ताइस्तो हुओविनेनने लिहिलं, ‘लांडग्यांच्या पुस्तकात चूक आहे. दुसऱ्या प्रकरणातल्या पाऊलखुणा कुत्र्याच्या आहेत.’

ताइस्तो जंगलखात्यातून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा. वाचनालयात त्याच्या तोंडून ‘हं’पलीकडे शब्द कधी निघाला नव्हता.

‘ताइस्तो, तुला वाचता येतं हे आज कळलं,’ त्याखाली टपालकचेरीतल्या राइलीने टोमणा मारला.

‘आणि तुला लिहिता येतं हे मला.’

तिथून माणसं बोलायला लागली. कोणी पुस्तकं सुचवली, कोणी भांडलं. लाकूडगिरणीतल्या कामगारांनी लिहिलं, ‘आम्ही रात्रपाळीहून सुटतो तेव्हा तुझं दार बंद असतं,’ तर इर्मेली गुरुवारी सकाळी सातलाच दार उघडू लागली. ताइस्तो रोज सकाळी आठाच्या आत काहीतरी लिहायचा: अस्वलांबद्दल, दलदलीबद्दल, कधी सिल्वीबद्दल, म्हणजे त्याच्या बायकोबद्दल. पुढे त्याचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून इर्मेली दर शनिवारी गाडीतून त्याला पुस्तकं पोचवायची.

दोन वर्षांनी तिने हौसेने एक तक्ता करून पालिकेला पाठवला. पानावर येणारी माणसं तिप्पट झाली होती.

वसंतातल्या बैठकीत पालिकेच्या वाचनालय खात्याच्या प्रमुख मार्केत्ता लेप्पाला यांनी तोच तक्ता भिंतीवर दाखवला. “इर्मेली, तुझं काम खरंच छान आहे. वाचक आता संगणकावरच येतात. मग ती इमारत कशाला तापवत बसायची?”

“ती माणसं पुस्तकांबद्दल बोलायला येतात,” इर्मेली म्हणाली, “आणि पुस्तकं त्या इमारतीत आहेत.”

“पुस्तकांची गाडी येईल ना महिन्यातून एकदा.”

कोणी वर पाहिलं नाही. सगळ्यांनी कॉफी संपवली आणि वाचनालय बंद करायचा ठराव झाला.

जूनमध्ये वाचनालयाला टाळं लागलं. पानही तालुक्याच्या पानात मिसळायचं ठरलं आणि जुनं पुसायचं काम इर्मेलीवरच आलं. पुसण्याआधी तिने ताइस्तोचं सगळं लिखाण छापून घेतलं आणि गठ्ठा त्याच्या घरी नेला.

त्याने वरची दोन पानं चाळली. “माझंच मला कशाला आणलंस? मी काय माझ्यासाठी लिहीत होतो?”

“नव्या पानावर लिहा की.”

“बघू.”

त्याने एकदा लिहिलं. घुबडांच्या पुस्तकाबद्दल चांगल्या वीस ओळी. खाली कोणा अनोळखी कर्मचाऱ्याचं उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.’ पुन्हा तो तिथे दिसला नाही. इर्मेलीला आता तालुक्याच्या वाचनालयात खिडकीवर बसवलं होतं. शनिवारीही पाळी असायची. ताइस्तोकडे जायचं ती पुढे ढकलत राहिली.

नोव्हेंबरात रस्त्याकडेच्या त्याच्या टपालपेटीत चार दिवसांची वर्तमानपत्रं साठलेली राइलीने पाहिली आणि ती घरापर्यंत चालत गेली. ताइस्तो स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दीड-दोन दिवस तरी जिवंत असावा.

दफनानंतर चर्चच्या दालनात कॉफी होती. पानावर एकमेकांशी तावातावाने भांडलेली माणसं लांब टेबलाशी मुकाट बसली होती. राइली इर्मेलीच्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ तिने बशीतला पाव कुस्करला.

“आठ वाजून गेले आणि त्याचं लिहिलेलं दिसलं नाही, तर मी घरी जाऊन बघायचे,” ती म्हणाली. “पान होतं तेव्हा.”

“तो तक्ता मी पाठवला होता, राइली.”

राइलीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने किटली उचलली आणि इर्मेलीचा कप भरला.