दहा वाजता फुटणारं चित्र

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'अँटेनाकाका' म्हणते. चाळीस वर्षं लोकांच्या छपरांवर काढली. पूर्वी पडद्यावरच्या मुंग्या बघून हे सांगायचे, अँटेना बोटभर डावीकडे घ्या. डिजिटल आलं आणि मुंग्या गेल्या. आता चित्र दिसलं तर लख्ख, नाहीतर चौकोन चौकोन होऊन फुटतं आणि पडदा काळा. अधलंमधलं काही नाही. तरी ह्यांचा तोरा तोच. गल्लीत ह्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गेल्या महिन्यात गल्लीभर चित्र फुटायला लागलं. बातम्यांचे आणि खेळांचे चॅनेल रोज सकाळी दहाला जायचे, एकच्या सुमारास परत यायचे. कोपऱ्यावर एक वेल्डर नवीनच आला होता. तोही दहाला मशीन सुरू करायचा आणि एकला जेवायला थांबायचा. झालं! ह्यांनी बसल्या जागी निकाल दिला, "ठिणगी उडाली की सिग्नल मेला. वेल्डिंगच आहे." चौघांनी जाऊन गाळामालकाला गाठलं. मालकाने वेल्डरला महिनाअखेर गाळा रिकामा करायला सांगितलं.

वेल्डर आमच्या दारात आला. दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग.

"काका, उद्या दहाला मी मशीन बंद ठेवतो. तुम्ही फक्त दोन मिनिटं येऊन बघा, चित्र फुटतंय का."

"चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. मला शिकवू नकोस," हे म्हणाले आणि तोंडासमोर पेपर धरला.

मी चहा विचारला, तो "नको काकू" म्हणून निघून गेला. मला वाईट वाटलं, पण मीही मूग गिळून बसले. इतर शंभर बाबतींत नवरा चुकतो, कामात चुकत नाही, अशी माझी खात्री.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी वेल्डर सकाळपासून सामान टेम्पोत चढवत होता. मशीन कधीच चढलं होतं. दहा वाजले आणि समोरच्या मास्तरांनी गॅलरीतून हाक मारली, "काका, फुटलं हो पुन्हा!"

हे ताडकन उठले. मीटर आणि हातात धरायची छोटी अँटेना घेऊन बाहेर पडले. ज्या बाजूला अँटेना वळवल्यावर मीटरवरचा गोंगाट, म्हणजे नको तो सिग्नल, वाढेल, तिकडे चोर. मी आपली स्वयंपाकघरात भाजी चिरत माझी मालिका बघत बसले होते; रोज दहाला तिथला टीव्ही लावायचा, तो एकला जेवणं होईपर्यंत चालूच. दहा मिनिटांनी हे दारात उभे, अँटेना वर छपराकडे रोखलेली.

"टीव्ही बंद कर."

"अहो, पाचच मिनिटं—"

"बंद कर म्हणतो ना!"

बंद केला. गोंगाट खाली आला. लावला, वर गेला. तीनदा करून बघितलं.

स्वयंपाकघरात सिग्नल कमी, म्हणून महिन्यापूर्वी ह्यांनी स्वतःच्या हाताने बूस्टर बनवून छपरावर बसवला होता, याच टीव्हीच्या बटणावर चालणारा. चित्र अंधुक की लाव बूस्टर, ही जुनी सवय. तो बेफाम होऊन गल्लीभर सिग्नल ओकत होता. माझी मालिका दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, ती मात्र स्वच्छ दिसायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दहा ते एक गल्लीचं चित्र मी फोडत होते, आणि घालवलं कुणाला?

हे अनवाणीच धावले, मागून मी. "थांब रे!" हे भर गल्लीत ओरडले. "तुझा दोष नाही. बूस्टर माझा आहे. माझ्या घरचा." माणसं जमली. गाळामालक म्हणाला, "काका, आता काय उपयोग? गाळा दुसऱ्याला दिला, तो उद्या येतोय."

वेल्डर दोर आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"दोन मिनिटं आला असतात, काका," एवढंच म्हणाला आणि टेम्पोत बसला.

आता लोक आमची सालटी काढणार, असं वाटून मी पदर घट्ट धरून उभी राहिले. हेही मान खाली घालून वाट बघत होते. मास्तर पुढे आले.

"म्हणजे आता मॅच नीट दिसेल ना?"

बाकीचेही उत्तरासाठी ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. टेम्पो अजून गल्लीतून बाहेरही पडला नव्हता.