दिवस जाण्याआधी

शेजारच्या गॅलरीत शाल्मली सकाळपासून उभ्यानेच पपई खाते आहे. ही भाड्याने राहणारी, नोकरी करणारी मुलगी एरवी पपईच्या वासानेही नाक मुरडते. फोड संपली की दाराशी जाते, पुन्हा कठड्याशी येते. तिच्याकडे पाहता पाहता माझा चहा गार झाला.

"काय गं, पपईवर एवढं प्रेम कधीपासून?" मी विचारलं.

ती रडकुंडीला आली. "आजी, काल आम्ही काही वापरलं नाही. पण एकदाच हो. एकदाने काही होत नाही ना?"

"होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत शक्यता जास्त, पण शरीर कॅलेंडर बघून चालत नाही. आणि पपईने फक्त पोट बिघडेल."

मुलांनो, आपल्या भाषेत गर्भ राहिला की ‘दिवस गेले’ म्हणतात. बाई घाबरते, लाजते, पपई खात वाट बघते, आणि खरोखरच दिवस जातात. गर्भ राहू नये म्हणून संबंधानंतर घ्यायची गोळी मात्र जितकी लवकर घ्यावी तितकी उपयोगी.

"मग पाळीची वाट बघू?"

"आधी गोळी. पाळी लांबली तर तपासणी. चप्पल घाल."

"आत्ता? आज रविवार."

"औषधाचं दुकान उघडं असतं. दिवस घालवलेस तर दिवस जातील, बाई!"

ती रडता रडता हसली.

गोळी घेऊन आम्ही परतलो आहोत, आणि तिने ती लगेच गिळलीही. उरलेली पपई कावळे खाताहेत. गोळीनेही पूर्ण खात्री नसते. तेव्हा तिची पाळी येईपर्यंत दोन गॅलऱ्यांत दोघींच्या येरझारा चालू राहतील.