आतोबांचा तांबडा गुलाब

आमच्या आतोबांइतका हट्टी माणूस देवासच्या थोरल्या पातीत झाला नाही आणि धाकट्या पातीत होणार नाही. गाव एक, राजे दोन, मधला रस्ता दोघांचा. असल्या गावात राहून माणसानं थोडं तरी पडतं घ्यायला शिकावं की नाही? पण छे! आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून. एकदा चांभारानं त्यांचा उजवा जोडा घट्ट शिवला. तो बापडा सैल करून द्यायला तयार होता, पण यांचं म्हणणं, आधी चूक कबूल कर. त्यानं केली नाही, आणि आतोबा वर्षभर लंगडत कचेरीत गेले. "पाय माझा दुखतो, पण चूक त्याचीच आहे," असं वर आम्हांलाच ऐकवीत.

आत्याला फुलांचं भारी वेड. परसात एक तांबडा गुलाब लावावा, एवढंच तिनं जन्मभर मागितलं. आतोबांचं उत्तर ठरलेलं, "गुलाबाची काय भाजी करायची?" परसात मेथी, दोडकी, घोसाळी. ती हसायची आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा मागायची. मी तिच्या जागी असते तर दोडक्याचा वेल उपटून चुलीत घातला असता! पण ती पडली गरीब गाय. एका चैत्रात चार दिवसांच्या तापानं गेली.

अस्थी घेऊन आतोबा नेमावरला नर्मदेवर गेले, आणि येताना तिथल्या कुणाच्या अंगणातल्या गुलाबाच्या फांद्या ओल्या धोतरात गुंडाळून घेऊन आले. आल्या पावली मेथी उपटली आणि फांद्या रोवल्या. मग माझ्या वडिलांना म्हणाले, "वर्षश्राद्धानंतर जी अविधवा नवमी येईल, तिला तिच्या नावच्या पानाशी हेच फूल ठेवीन. नाही ठेवलं तर मिशा उतरवीन." भाद्रपदातली ही नवमी म्हणजे सवाष्ण गेलेल्या बाईचा दिवस, तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात.

चैत्राच्या उन्हात त्या फांद्यांचा कोळसा झाला. आतोबा पुन्हा नेमावरला गेले. या खेपेला फांद्यांबरोबर मडकंभर कुजकी मासळी आणली. गुलाबाच्या मुळाशी ती घातली की फूल मोठं येतं, असं कुणीसं सांगितलं होतं. बैलगाडीतली यात्रेकरू मंडळी म्हणे वाटेतच उतरून पायी चालू लागली. आमच्या आळीत तर हाहाकार! नाकाला उपरणं लावून शेजारी दारात आले, "अहो भिया, ब्राह्मणाच्या आळीत मासळी?" आतोबांनी खुरपं खालीसुद्धा ठेवलं नाही. "मासळी गुलाब खातो, मी नाही. त्याला तुमच्या पंक्तीला बसवायचा असेल तर सांगा!"

पुढं तर सगळा ताळच सुटला. पावसात आपली काळी माती पाणी धरते, मुळं कुजतात. म्हणून आतोबा रोपावर छत्री धरून बसत आणि स्वतः भिजत. बकरी आली तर तिच्यामागं मालकाच्या दारापर्यंत धावत. दिवाणसाहेबांनी कामासाठी बोलावणं धाडलं, तर "कीड वेचून येतो" म्हणून निरोप! लोक हसले, सोयऱ्यांनी दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी काढल्या. त्यांना त्याच मडक्याचा वास देऊन वाटेला लावलं. एकेक रोप मरत गेलं. शेवटी एक उरलं, आणि त्याला नवमीच्या तोंडावर एकच कळी धरली.

तोवर माझं लग्न होऊन मला धारला दिली होती. नवमीला सवाष्ण म्हणून आतोबांनी मलाच बोलावलं. त्या सकाळी कळी उमलली होती, चांगली वाटीएवढी. आतोबा तांब्याच्या तबकात फूल घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या लढाई जिंकलेल्या सरदारासारखा होता.

गुरुजींनी तबक पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, श्राद्धाला तांबडं फूल? वर्ज्य आहे! पांढरं लागतं. वडिलांचं श्राद्ध इतकी वर्षं करता आहात, एवढं ठाऊक नाही?"

मला वाटलं, झालं! आता गुरुजींची पोथी नि पंचपात्र अंगणात जाणार. पण आतोबा तबकाकडं पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "दर वर्षी फुलं ती स्वतःच आणून ठेवायची हो. कोणती असायची, ते मी कधी पाहिलंच नाही."

शेजारून तगरीची फुलं आणली. सगळा विधी आतोबांनी निमूटपणे केला. जेवण झालं, माझी ओटी भरली, आणि मी नमस्कार करून उठणार तोच त्यांनी गुलाब माझ्यापुढं धरला. "घे. तिनं तरी डोक्यात माळायलाच मागितला होता ना?"

मी फूल खोप्यात खोवलं.

"पोरी, जरा पाठमोरी बस."

मी परसाकडं तोंड करून ओसरीवर बसले. माझ्यामागून आतोबा अगदी मऊ आवाजात, माझ्याशी कधी बोलले नव्हते अशा आवाजात म्हणाले, "अगं, इतकं शोभतं, तर माझ्याशी नीट भांडून नाही का मागायचंस?"

कुणाला उत्तर दिल्यावाचून राहणारी मी बाई नव्हे. पण त्या दिवशी मी मान वळवली नाही, ऊन उतरेस्तोवर तशीच पाठमोरी बसून राहिले.