सटवाजीचा गॅस

सटवाजी जत्रेत गॅसचे फुगे विकायचा. त्याच्या हातून सुटलेला फुगा वर वर जायचा, ठिपका व्हायचा, आणि खाली एखादं पोर भोकाड पसरायचं. सटवाजी मग दुसरा फुगा देऊन टाकायचा. तानुबाई, त्याची बायको, म्हणायची, "असा धंदा कराल तर एक दिस आपुनबी असंच वर जाऊ."

ही विद्या तो परभणीच्या उरुसात शिकला. बहात्तरच्या आधीच्या एका दुष्काळात खडी फोडायचं काम बंद पडलं तेव्हा तो तिकडं गेला होता. एका म्हाताऱ्या फुगेवाल्याची टाकी तो वाहू लागला, आणि म्हातारा त्याचा उस्ताद झाला. लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा टाकायचा, पाणी ओतायचं, जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, फुटक्या भांड्यांचे तुकडे सोडायचे आणि झाकण आवळायचं. आत खदखद सुरू होते. टाकी तापते. तोटीला फुगा लावला की भरतो. जवळपास बिडी पेटवायची नाही, एवढंच.

गाव जिंतूर तालुक्यातलं. धरण झालं आणि गावाच्या तीन बाजूंना पाणी आलं. पलीकडच्या काठाला उतरून बैलगाडीनं चारठाण्याला जायचं, हीच जवळची वाट. जमिनीवरून वळसा घालायचा तर दीड दिवस मोडायचा. पाण्यावर तात्याराव भोयाचा तराफा चाले. ट्रकच्या चार ट्यूबांवर बांधलेल्या फळ्या, आणि एक वल्हं.

सटवाजीची माय सरजाबाई. तिचा डावा डोळा पूर्ण गेला होता. उजव्यानं नुसता उजेड कळायचा. छप्पन सालानंतर घरातले देव गेले, निळा झेंडा आला, आणि तो रंग तिच्या मनात बसला. जयंतीला सटवाजी निळे फुगे फुकट वाटायचा. दिसत होतं तोवर ते ती स्वतः निवडून द्यायची. आता विचारायची, "ह्यातला निळा कोनता रं?" तो दोरी तिच्या हातात द्यायचा. ती मूठ आवळून म्हणायची, "वढतंय."

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत दवंडी आली. परवा चारठाण्याला डोळ्यांचं शिबिर. तपासणी एकच दिवस, दुपारपर्यंत. ज्याचा मोतीबिंदू काढण्याजोगा त्याचं ऑपरेशन तिथंच.

गावातली सहा म्हातारी माणसं तयार झाली. त्यांत सरजाबाई होती, आणि वरच्या आळीची नर्मदाबाई पाटलीणही. कडुनिंबाखाली बोलणं निघालं.

"सहा म्हातारी, वर त्यान्ला धरायला एक अन् मी," तात्याराव म्हणाला. "न्हाई जमायचं. फळ्यांतून पानी येतंय. दोघांन्ला ऱ्हावं लागंल."

"दोन खेपा करा की."

"ऊन चढलं की वारं सुटतंय. वाऱ्यावर वल्हं चालत न्हाई. चिठ्ठ्या टाका."

"चिठ्ठ्या काहून?" सटवाजी मागून बोलला. तो नेहमी मागेच उभा राहायचा. "तात्या, ट्यूबांत काय हाय?"

"हवा."

"हवा तर जत्रंतल्या पिपाणीवाल्याच्या फुग्यातबी ऱ्हाती. त्यो जमिनीवर पडतोय. माझा वर जातोय. हवा सोडा, गॅस भरू. तराफा पान्याला टेकतो का न्हाई बघा."

"अन् म्हाताऱ्या घिऊन वर गेला म्हंजी?" कुणीतरी विचारलं.

"तर मंग लय बरं," नर्मदाबाई म्हणाली. "सरळ सरगात. तितं डोळे कुनाला पायजेत?"

सगळे हसले. तात्याराव हसला नाही, विचार करत राहिला. पण गॅसचा फुगा वर जाताना त्यानंही पाहिला होता. गावात प्रत्येकानंच पाहिला होता. नाही म्हणायला कुणाकडं काही नव्हतं.

आदल्या दिवशी टाकी काठावर आली. जर्मनचे तुकडे कमी पडत होते, म्हणून घरोघर सांगावा गेला. ज्या घरांतून सटवाजीला पाणी वरून ओतून मिळायचं, त्या घरांतून फुटकी पातेली त्याच्या हातात आली. हातात. त्यानं ती एकेक करून घेतली. तानुबाई लांबून बघत होती.

चारी ट्यूबांतली हवा सोडली. ती फुसफुसत बराच वेळ गेली. मग गॅस. "बिड्या विझवा!" सटवाजी ओरडला, आणि पाटलांनीही विझवली. ट्यूबा टम्म झाल्या. हात लावला तर ताज्या भाकरीसारख्या गरम लागत होत्या.

"जित्या हायत," तात्याराव म्हणाला. फळ्यांवर चढून तो दोनदा नाचला. "हलका झालाय गड्या."

हलका वाटला. वाटणारच होता. सटवाजीनं मायला काठावर आणून तिचा हात ट्यूबेवर ठेवला. तिनं तो लवकर काढला नाही.

सकाळी कडाक्याची थंडी होती. पाण्यावर धुकं होतं. तात्यारावानं ट्यूबेवर अंगठा दाबला, तो आत गेला.

"बसल्यात का रं, सटवा?"

"गारठ्यानं. ऊन लागलं की फुगतील."

त्याला तसंच वाटत होतं. ट्यूबांतली आधीची हवा जिंतूरहून भरून आणलेली. गावात त्यांत हवा भरायला काही नव्हतं. आणि म्हातारी माणसं धुतलेले कपडे, भाकरीची गाठोडी घेऊन पाण्याशी येऊन बसली होती. पलीकडं गाडी यायची होती.

तराफा निघाला. सटवाजी मायला धरून कडेला बसला. अर्ध्या वाटेपर्यंत फळ्या कोरड्या होत्या. मग एका कोपऱ्याच्या ट्यूबेशी, जुन्या ठिगळाच्या कडेनं, बुडबुडे दिसले. बारीक. मोहरीएवढे. सटवाजीनं तिथं तळवा दाबला. बुडबुडे बोटांच्या फटींतून आले. ऊन आलं होतं. ट्यूबा फुगल्या नाहीत.

कोपरा खाली गेला. गाठोडी भिजली.

बुडालेल्या जुन्या गावाचं टेकाड तिथून जवळ होतं, खळ्याएवढी जागा पाण्याच्या वर राहिलेली. तात्यारावानं तराफा तिकडं घातला.

"दोघं उतरा," तो म्हणाला. "त्याबिगर पलीकडं लागत न्हाई. मी ह्यान्ला सोडून माघारी येतो."

वाऱ्याचं सगळ्यांना माहीत होतं. कुणी हललं नाही. सटवाजी उतरला. पाणी गुडघ्याला लागलं. आता आणखी एक. त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. त्या डोळ्यांना तो नीट दिसतही नव्हता.

"सटवा, मला उतरीव," सरजाबाई म्हणाली.

"तू बस, माय."

"मंग कुनाला उतरीवतोस? नाव घे."

त्यानं खाली गेलेला कोपरा वर उचलून धरला.

"सरजे, बस गं," नर्मदाबाई म्हणाली. पण हे म्हणताना तिनं फळी दोन्ही हातांनी धरली होती.

सटवाजीनं मायला पाठीवर घेतलं.

टेकाडावर एक जातं पडलं होतं, कुणीतरी न नेलेलं. त्यावर तिला बसवलं. तराफा विरत्या धुक्यातून लांब गेला.

"पोचले का?"

"न्हाई अजून."

थोड्या वेळानं पुन्हा, "पोचले का रं?"

"पोचले. गाडीत बसायलेत."

"नर्मदाबाई बसली का?"

"बसली."

तात्याराव लगेच फिरला. पण वारं त्याच्या आधी सुटलं. पाणी खवळलं आणि त्याचा तराफा पुन्हा त्याच काठाला जाऊन लागला. त्यानं उपरणं हलवलं. सटवाजीनंही हात हलवला. त्याला पोहता येत होतं. मायला पाठीवर घेऊन एवढं पाणी कापता येत नव्हतं. तो काठाशी जायचा, परत यायचा. सूर्य डोक्यावर आला. चारठाण्याची तपासणी संपत आली असणार.

"बस की खाली," सरजाबाई म्हणाली. "पान्यात जाऊन काय करतोस? भाकर दे."

भाकरी भिजली होती. दोघांनी ती खाल्ली. दिवस कलल्यावर वारं पडलं आणि तात्याराव एकटा आला. त्यानं दोघांना घरच्या काठाला आणलं.

आठवड्यानं नर्मदाबाई काळा चष्मा लावून परत आली. तिनं काठावरूनच नातवाला ओळखलं. सटवाजीच्या घरावरून जाताना ती थांबली, आत आली नाही. "सरजे," एवढंच म्हणाली. सरजाबाईनं आतून विचारलं, "दिसायलंय का पाटलीनबाई?" "दिसायलंय गं." "बरं झालं."

पुढच्या वर्षी झरीला शिबिर झालं. सटवाजीनं मायला दोन दिवस आधीच गाडीनं नेलं. डॉक्टरनं बॅटरी मारून उजवा डोळा पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"मागच्या वर्षी आणायचं होतं. आता मोतीबिंदू पिकून आत फुटलाय. नस गेली."

सटवाजी बोलायला लागला. त्याच्या आधी सरजाबाई बोलली. "गाडी मिळाली न्हाई, सायेब."

सटवाजी अजून फुगे विकतो. तराफ्याच्या ट्यूबांत तात्यारावानं परत हवा भरून आणली. गाव सटवाजीला हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

जत्रेहून उरलेले फुगे तो रात्री आढ्याला सोडतो. सकाळपर्यंत ते खाली आलेले असतात, सुरकुतलेले. ते गोळा करायचं काम सरजाबाईनं घेतलंय. ती बसल्या बसल्या सरकते, जमीन चाचपते, एकेक उचलून मांडीवर ठेवते.

एके सकाळी तो टाकी धूत होता. तिनं एक फुगा उचलला. हातात दाबून पाहिला.

"सटवा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "रातीत बसतंय, हे तर तुला रोज दिसत व्हतं रं."

टाकीतलं पाणी वाहत राहिलं. तिनं पुढचा फुगा शोधायला हात पसरला. तो तिच्या पायाशीच होता. निळा होता. त्यानं तो तिच्या हाताशी सरकवला.