पेनाने उडवलेले तास

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

मी विमानाचा कॅप्टन. घाटकोपरला राहतो. उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात, बाबा होते तेव्हा मान वर करून विचारायचे, "ह्यां तुझां काय रे?" गिरणीत आयुष्य गेलेला माणूस. त्यांना माझ्या खांद्यावरचे चार पट्टे कळायचे — तास कळायचे नाहीत.

वैमानिकाची लायकी तासांत मोजतात. किती उडालात ते लॉगबुकात, म्हणजे एका वहीत, लिहायचं. पहिल्या परवान्याला दोनशे तास, कॅप्टनच्या परवान्याला दीड हजार, वर कंपनीची अट वेगळीच. आणि लिहितं कोण? आपणच. शिकताना खाली सरांची सही. चूक झाली तर खरवडायची नाही — तिच्यावर एक रेघ, बाजूला आपली सही.

मी शिकत होतो तेव्हा आमच्या फ्लाइंग क्लबच्या दोन विमानांतलं एक बंद पडलं. दुसऱ्यासाठी रांग. माझे सव्वीस तास कमी होते. ते मी हँगरच्या पायरीवर बसून उडालो — वहीत. 'पेनाचे तास' म्हणायचो आम्ही. सही करताना सर हसले, "तुझं पेन लँडिंग झकास करतं रे!" मीही हसलो.

पुढे हजारो तास खरे उडालो. मग ते सव्वीस भरून निघाले का? की पहिले दोनशे कधी झालेच नाहीत, आणि मी अजून कुठेतरी एकशे चौऱ्याहत्तरवरच उभा आहे? खरंच कळत नाही हो. आणि सांगायचं ते हे नाहीच. म्हणजे, हेही आहे — पण...

गेल्या वर्षी सायली आली. सहवैमानिक, कॅप्टन व्हायला निघालेली. अंधेरीच्या ऑफिसात तिची वही मी तपासत होतो. तिनेच पान उघडून बोट ठेवलं. "सर, इथे अकरा तास दोनदा धरले गेलेत. काल बेरीज करताना दिसलं. माझीच चूक." एक रेघ, बाजूला सही. तेवढ्याने ती अटीला कमी पडत होती.

'अकरा तास उडून ये' — एवढंच म्हणायचं होतं मला. पंधरवड्याचा प्रश्न. पण मला तिचा राग आला. राग का यावा? कुणी विचारलं होतं तिला? मला कुणी विचारलं होतं का कधी? — आणि मी तिच्या बढतीच्या अहवालात लिहिलं : 'नोंदींच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका.'

ते अकरा तास तिने केव्हाच पुरे केले. तिच्या मागून आलेले दोघं कॅप्टन झाले. ती अजून उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर. आपलं कुठे अडतंय, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यात ती माझ्याच शेजारी होती. उतरल्यावर "थँक यू, सर" म्हणाली, आणि मी त्या उड्डाणाची वेळ मिनिटामिनिटाने बरोबर लिहिली.

माझ्या जुन्या वहीतले सव्वीस तास खोटे आहेत. तिच्या अहवालातलं माझं वाक्य खोटं आहे. दोन्हींवर एक रेघ आणि बाजूला माझी सही — एवढं माझ्याकडून बाकी आहे.