पेंढ्याच्या रंगावर निळा पट्टा

आमच्या गावाला झेंडा नव्हता आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. तंजावूरला देऊळ आहे, राजवाडा आहे, भात आहे. एवढ्यावर गावाचं बरं चाललं होतं. मग एक भातगिरणीवाले तीन महिने युरोपात मुलीकडे राहून आले. तिथे म्हणे चार गल्ल्यांच्या गावालाही स्वतःचा झेंडा असतो आणि तो कचेरीवर रोज फडकतो. परत आल्यावर त्यांना आपलं गाव उघडंबोडकं वाटायला लागलं. त्यांनी पाचजणांची समिती केली, आपण अध्यक्ष झाले आणि झेंडा काढायला माझ्या वडिलांना बोलावलं.

अप्पा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, स्वागताच्या कमानी रंगवल्या, मंत्र्यांसाठी मानपत्रं लिहिली. त्यातली एकही गोष्ट दुसऱ्या कुणी हात न लावता पुरी झाली नव्हती. हेडमास्तर एक फूल वाढवायचे, देणगीदार आपलं नाव मोठं करून घ्यायचे. अप्पा कुरकुरले नाहीत, पण झेंड्याचं काम आलं त्या दिवशी जेवताना आईला म्हणाले, "हें एक तरी माझ्या हातचं, जसंचं तसं ऱ्हावं." त्यांनी काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी महिनाभर विचार केला आणि एक पट्टा काढला. हिरव्या रंगावर, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जाणारा, निळा. तो म्हणजे गावातून जाणारा कालवा. आम्ही त्याला पुदु आरु म्हणतो, म्हणजे नवी नदी. देवळात काही जण जातात, काही जात नाहीत. राजवाडा म्हटलं की लोक आम्हा मराठ्यांकडे बघतात. कालव्यात मात्र सगळ्या गावानं कपडे धुतले होते आणि पोहताना नाकातोंडात पाणी घेतलं होतं. शिवाय तो कुठल्याच राजानं बांधलेला नव्हता, याचं अप्पांना फार अप्रूप होतं.

समितीनं कागद फिरवून फिरवून पाहिला. अध्यक्ष म्हणाले, "छान आहे सार. बाकीचं कुठंय?"

पहिली बैठक हिरव्यावरच संपली. आमच्याकडे कुठलाही रंग नुसता रंग नसतो, तो कुठल्यातरी पक्षाचा असतो. हिरवा त्यांचा, तांबडा-काळा यांचा, नुसता तांबडा आणखी कुणाचा, आणि पिवळ्यावर दोघांचा दावा. कुठलाही घ्या, निम्मं गाव निवडणुकीला उभं केल्यासारखं. अप्पा घरी आले आणि पुढच्या वेळी पेंढ्याचा रंग घेऊन गेले, कापणीनंतर शेतात उरतो तो. तो रंग कुठल्याही पक्षाला नको होता. समितीतले कापडवाले म्हणाले की या रंगाचं कापड त्यांच्याकडे तीन वर्षं पडून आहे. रंग एकमतानं मंजूर झाला.

ओरत्तनाडूकडचे एक शेतकरी समितीत होते. त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवलं. त्या वर्षी वरच्या धरणातून पाणी सोडलं नव्हतं आणि कालव्यात पोरं क्रिकेट खेळत होती. "पाणी दाखवताय सार, पण आहे कुठं?"

"झेंड्यात तरी असू दे," अप्पा म्हणाले. शेतकऱ्यांनी पट्ट्यावरचं बोट उचललं, आणि मला वाटतं त्यांना तो पट्टा त्या क्षणी आवडला.

झेंडा पास झाला. फक्त छपाईसाठी तो कॉम्प्युटरवर चढवायचा होता, आणि इथे मी आले.

त्या वर्षांत गावात रोज काहीतरी नवं उघडत होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ आले, गच्च्यांवरून केबलच्या तारा गेल्या आणि मोठ्या रस्त्यावर एक थंडगार खोली उघडली, तिच्या दारात चपला काढायच्या. आत दोन कॉम्प्युटर होते. सहा महिन्यांचा कोर्स करून मी तिथे लागले होते. लग्नपत्रिका आणि बिलबुकं करायची. दारावर धूळ आत आणू नये अशी पाटी होती, म्हणून अप्पा कधी आले नाहीत. आपल्या अंगावर पस्तीस वर्षांचा खडू आहे, मशीनला बाधेल, असं ते म्हणायचे.

अप्पांचा पट्टा काढायला मला चार मिनिटं लागली. समिती माझ्या पाठीमागे खुर्च्या टाकून बसली होती, वरून गार वारा येत होता, आणि चार मिनिटांत उठून जायची कुणाचीच तयारी नव्हती. कापडवाल्यांनी विचारलं, यात देऊळ बसेल का?

बसलं. मी पोस्टकार्डावरचं देऊळ आत घेतलं आणि पट्टा जरा खाली सरकवला. मग नंदी. चित्रांची एक परदेशी सीडी होती, तिच्यात गाय होती, पण गळ्यात घंटा आणि अंगावर काळे ठिपके. मी ठिपके पुसले, कास पुसली आणि वशिंड लावलं. वीणा नव्हती, मेंडोलिन होतं. ते लांब करून त्याला एक भोपळा चिकटवला. भाताची लोंबी म्हणून जे मिळालं ती गव्हाची ओंबी होती. भाताचं कोठार म्हणवणाऱ्या गावातल्या चार माणसांना ती ओळखू आली नाही. शेतकरी असते तर आली असती, पण ते त्या दिवशी पाण्याच्या मोर्चाला गेले होते. आमच्याकडे दुकानोदुकानी मिळते ती मान डोलावणारी बाहुली मात्र मी मन लावून काढली. गावाची खूण म्हणून सगळ्यांना हो हो म्हणणारी बाहुली असावी, यावर कुणाचा आक्षेप नव्हता.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. "थोडं डावीकडे घे अम्मा," असं मोठी माणसं म्हणायची आणि मी घेतलं की नंदी सरकायचा. माझ्या सांगण्यावरून तोवर घरातलं मांजरही सरकलेलं नव्हतं. संध्याकाळी अप्पा विचारायचे, "जालं कां गे तें?" मी म्हणायची, "होतंय अप्पा." पट्टा रोज थोडा बारीक होत होता. शेवटी तो आडवा झाला आणि गावाच्या नावाखाली जाऊन बसला, परीक्षेत महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ ओढतात तसा.

शेवटच्या दिवशी अध्यक्षांना आठवलं की अप्पांच्या लोकांचं यात काही नाही. माणूस मनानं चांगला होता, त्याला खरंच वाईट वाटलं. गावाचं नाव तमिळमध्ये आहे, इंग्रजीत आहे, ते तुमच्या अक्षरांतही घाल, असं ते मला म्हणाले. मला ती अक्षरं तेव्हा येत नव्हती. आमच्या घरी मराठी बोलायची असायची, वाचायची नसायची. देवनागरी मी पुढे लग्न होऊन नाशकात आल्यावर शिकले, भाजीवाल्यांच्या पाट्यांवरून. तेव्हा कॉम्प्युटरमध्येही ती नव्हती. म्हणून मग अध्यक्षांनी घोडा सुचवला. "तुमचे लोक घोड्यावरूनच आले ना," ते म्हणाले. "वडलांना सांग, आमची आठवण म्हणून."

मी अप्पांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत झेंडा छापायला गेला आणि छापून आला. आईला माहीत होतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. समारंभाच्या सकाळी तिनं त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून दिला आणि त्यांनी तो गळ्यापर्यंत बटणं लावून घातला. रस्त्यात भेटेल त्याला ते थांबून सांगत होते की आज झेंडा लागतोय. मी मागून चालत होते आणि पाऊस यावा, बस यावी, काहीही यावं, असं मला वाटत होतं.

दोरी ओढली. वारा नव्हता. झेंडा काठीला ओल्या पंच्यासारखा चिकटून राहिला आणि अप्पा हसले, कारण जेवढं दिसत होतं ते पेंढ्याच्या रंगाचंच होतं. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला की असं चालणार नाही. मग नगरपालिकेचा एक शिपाई स्टुलावर चढला, झेंड्याचं टोक धरून त्यानं तो लांब ओढला आणि फोटो होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

अप्पांनी तो सावकाश वाचला. वाचलाच म्हणायला हवं, डावीकडून उजवीकडे, ओळीनं. देऊळ, नंदी, वीणा. ओंबीवर ते जरा थांबले. कालव्याची रेघ त्यांना दिसली की नाही, कळलं नाही. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"तो घोडा कोणाचा?"

"आपला," मी म्हटलं. "त्यांनी आपल्यासाठी म्हणून घातलाय."

लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून अप्पांनीही वाजवल्या.

"घोड्यावरून आलों तें खरं," ते म्हणाले. "पण उतरून तीनशें वर्षं जालीं की गे."

मला रडू आलं आणि ते मी उन्हावर ढकललं. अप्पांनी नंतर कधी त्या झेंड्याचा विषय काढला नाही, आणि मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. सीडीत सतरा घोडे होते. त्यातला तो मी निवडला होता, आणि निवडताना अप्पांना तो आवडेल असं मला मनापासून वाटलं होतं.